वस्त्रमाईचा लाल निकाल

टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यात बाया, जिन्याखाली बाया आणि फुटपाथवर बायांच्या चपलांचा हा एवढा ढीग. प्रत्येकीच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पांढऱ्या कापडाची घडी. एरवी भाजीवाल्याशी भांडताना अख्खी गल्ली गोळा करणाऱ्या या बाया इथे मात्र चिडीचूप बसल्या होत्या. कारण समोरच्या गादीच्या खुर्चीवर साक्षात वस्त्रमाई विराजमान होत्या.

वस्त्रमाई म्हणजे कपडा वाचणारी बाई. बाळंतपणात ज्यांचं काही बिघडलं, त्यांनी अंगाला लागलेलं कापड रात्रभर पिशवीत बांधून उशाशी ठेवायचं आणि सकाळी घेऊन यायचं. माई त्यावर दोन थेंब पाणी शिंपडणार आणि चांदीच्या डबीतली पिवळी पूड भुरभुरवणार. पूड पिवळी राहिली तर ठीक. लाल झाली तर बाईवर कुणाची तरी काळी नजर आहे, असं समजायचं.

"मुलींनो, माणूस खोटं बोलतो," माई डोळे मिटून म्हणाल्या. "डॉक्टर खोटं बोलतो. मशीन खोटं बोलतं. कपडा कधी खोटं बोलत नाही. कपड्याच्या प्रत्येक धाग्यात तुमची कंपनं आहेत, कंपनं!"

मी हाताची घडी घालून भिंतीला टेकले होते. मी सरकारी रुग्णालयाच्या धुलाई विभागात बावीस वर्षं काम करते. रोज दीडशे चादरी माझ्या हाताखालून जातात. आजवर एकीनेही माझ्याशी तोंड उघडलेलं नाही. पण माईंच्या हातात कपडे पोपटासारखे बोलत होते, त्याला मी काय करू?

मी काही तिथे हौसेने गेले नव्हते. माझी भाची पुढून चौथ्या नंबरला बसली होती आणि शेजारी तिची सासू, म्हणजे आमच्या विहीणबाई. माझी बहीण गेली तेव्हा भाची सहा वर्षांची होती. तेव्हापासून ती माझीच. शिवणकामात अशी तरबेज की नुसतं बघून माप सांगायची.

नऊ महिन्यांपूर्वी ती बाळंत झाली. पहिलटकरणीला वेळ लागतोच, असं म्हणत विहीणबाईंनी दोन दिवस तिला घरीच कळा काढायला लावल्या. तिसऱ्या दिवशी रुग्णालयात आणली. मुलगी वाचली, हीही वाचली. पण बाळाचं डोकं इतका वेळ अडकून बसलं होतं की दाबाखाली मूत्राशयाची भिंत मेली आणि तिथे भोक पडलं. लघवी थांबेना. बसली तरी गळायची, उठली तरी गळायची. आमच्या डॉक्टरबाईंनी एकदा टाके घातले, पण अकराव्या दिवशी ते उसवले. मग पोरीने गिऱ्हाइकांची कापडं परत करून टाकली, शिलाई मशीनवर चादर घातली आणि मागच्या खोलीत जाऊन बसली. मुलीला अंगावर पाजायची आणि लगेच दुसऱ्याकडे द्यायची. का, तर म्हणे माझा वास तिला लागेल. हे ऐकून मी कितीदा न्हाणीघरात जाऊन रडले असेन, त्याची गणती नाही.

येत्या गुरुवारी तिच्यावर दुसरं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, पहिल्यांदा फसलं की पुढे दरवेळी काम अवघड होत जातं, तेव्हा ही संधी नीट वापरायची. आणि विहीणबाई म्हणाल्या होत्या, आधी माईंना विचारू.

भाचीचा नंबर आला. माईंनी घडी उलगडली, पाणी शिंपडलं, पूड टाकली. पूड लालभडक झाली.

"बाई गं!" सगळा हॉल एका सुरात म्हणाला.

"टाके घातले होते?" माईंनी विचारलं.

"घातले होते हो, उसवले," विहीणबाई घाईघाईने म्हणाल्या.

"उसवणारच! नजर आतून टाका कुरतडते. पुन्हा सुरी लावाल तर पुन्हा उसवेल, आणि या खेपेला पोर हातची जाईल. अकरा आठवडे माझ्याकडे या. पाणी कमी प्या. सुरीचं नाव काढू नका."

भाचीने एकदाच माझ्याकडे वळून पाहिलं. त्या नजरेत भीती असती तर मी तिला समजावलं असतं. पण तिने आशाच सोडली होती.

मी तिथे थट्टा करायला गेले होते, पण घरी येताना बोटांवर नावं मोजत होते. कारण आमच्या रुग्णालयात टाके उसवलेल्या आणखी चार बायकांना मी ओळखत होते. चौघींचे कपडे माईकडे लाल झाले होते. आता हा योगायोग म्हणावा तर मोठाच झाला. मी नास्तिक आहे, पण गाढव नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले. रुग्णालयाच्या कँटीनमधून टेबल पुसायच्या फडक्यांचं बोचकं आलं होतं. त्यातलं एक पिवळ्या डागाचं फडकं मी साबणाच्या पाण्यात टाकलं आणि डाग लाल झाला. मी दुसरं फडकं उचललं. मग हात तिथेच थांबला.

मी कपाळावर हात मारून घेतला. बावीस वर्षं! हळदीचा डाग साबणाला लागला की लाल होतो, हे मी हजारदा पाहिलंय. हे कपडे धुणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. माईंच्या चांदीच्या डबीत निघाली काय, तर हळद! आणि मी तिथे भिंतीला टेकून शहाण्यासारखी उभी होते.

पण मग साबण कुठून आला? कापड तर घरून नेलेलं. भाचीच्या कापडाच्या घड्या मीच रुग्णालयातून धुऊन नेते, चार पाण्यातून खळबळून. मी धुतलेल्या घडीवर हळद टाकून पाहिली, तर पिवळीच राहिली. वापरलेल्या कापडावर टाकली, तर लाल. मग मी स्वतःची लघवीही तपासली. हो, हसा! पिवळी राहिली. म्हणजे लबाडी साबणाची नव्हती. लाल होत होतं ते भाचीच्या लघवीनेच. एका क्षणाला वाटलं, माई खरंच बोलत असेल तर?

मी सगळं घेऊन प्रयोगशाळेतल्या चष्मेवाल्याकडे गेले. हा माणूस दिवसभर भिंगातून बघून बघून असा झालाय की तुमच्याकडेही तो एक डोळा बारीक करूनच बघतो.

"मावशी, तुम्ही कपडे सोडून केमिस्ट्री कधीपासून धुवायला लागलात?" तो म्हणाला.

"दात नंतर काढ. हे लाल का होतं ते सांग."

"हळद आंबटात पिवळी राहते, साबणासारख्या क्षारी पदार्थात लाल होते. आम्ही त्याला अल्कली म्हणतो. कापड कधीचं आहे?"

"रात्रभर पिशवीत बांधलेलं."

"मग तर काय! शिळ्या लघवीत जंतू वाढतात, ते तिचा अमोनिया करतात. तोही अल्कलीच. तुमचंसुद्धा रात्रभर बांधून ठेवलं तर होईल लाल. माई म्हणूनच तर उशाशी ठेवायला सांगते."

मी सुटकेचा श्वास सोडला. मग आठवलं. "आणि त्या चौघी? उसवलेल्या?"

"टाके उसवले म्हणून त्या माईकडे गेल्या असतील. ज्यांचे धरले त्या कशाला जातील? माई लाल म्हणते ती सगळ्यांनाच. लक्षात राहतात फक्त उसवलेल्या." तो पुन्हा भिंगाकडे वळला आणि थांबला. "पण एक करा. भाचीची ताजी लघवी आणा. अगदी ताजी."

तासाभरात मी ती आणली. त्याने कागदाची पट्टी बुडवली. पट्टीचा रंग पाहून त्याचं हसू मावळलं. मग काचेवर थेंब घेऊन तो भिंगात बराच वेळ पाहत राहिला.

"मावशी, ही ताजी असूनही साबणासारखी आहे. आत जंतूंची जत्रा भरलीय. डॉक्टरबाईंकडे चला."

डॉक्टरबाईंनी भाचीची फाइल काढली. पहिल्या ऑपरेशनआधी तपासणी झाली होती आणि ती स्वच्छ आली होती. पण ऑपरेशन थिएटरचा दिवा बिघडला म्हणून तारीख तीन आठवडे पुढे गेली होती. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासायचं राहून गेलं. दिवा दुरुस्त झाला, सगळ्यांना हायसं वाटलं आणि पोरीला थेट टेबलावर घेतलं.

"हे माझं चुकलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. आता, डॉक्टरने माझ्यासमोर 'माझं चुकलं' म्हणावं, हा माझ्या नोकरीतला पहिला आणि खराखुरा चमत्कार. रागावायचं ठरवून आले होते, पण राग निम्मा तिथेच उतरला. निम्मा अजून आहे.

"म्हणजे जंतूंनी टाके उसवले?" मी विचारलं.

"असू शकतं. त्यांनीच उसवले असं मी छातीवर हात ठेवून नाही सांगणार. भोक मोठं होतं, कडेचं मांस दुबळं होतं. दोन दिवस कळा चालल्या तेव्हाच जंतू शिरले असतील आणि जखम वाढायला त्यांचाही हात असेल. पण सुजलेल्या, जंतू लागलेल्या जागी घातलेला टाका धरायची शक्यता कमी, हे नक्की. आणि यातला एवढाच भाग आपल्या हातात आहे. गुरुवार रद्द. आधी औषध, भरपूर पाणी, पुन्हा तपासणी. स्वच्छ आली तरच ऑपरेशन."

"पाणी तर ती पीतच नाही. दिवसाला दोन ग्लास. गळायला नको म्हणून."

डॉक्टरबाईंनी डोळे मिटले. "सगळ्या तेच करतात. पाणी कमी, की लघवी घट्ट, की जंतूंचं फावतं, वास वाढतो, आणि त्या आणखी कमी पितात."

आणि वर माई सांगतात, पाणी कमी प्या! माझं डोकं असं तापलं की त्यावर इस्त्री करता आली असती.

पण भाचीच्या घरी विहीणबाई बधेनात. "माई म्हणाल्या, पोर हातची जाईल. तुम्ही घेणार का जबाबदारी?" आणि भाची भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मावशी, राहू दे गं आता. मला पुन्हा ते सगळं नको." मी औषध पुढे केलं. तिने ते उशीखाली ठेवून दिलं.

मग पुढच्या बैठकीला विहीणबाई भाचीला घेऊन निघाल्या, तेव्हा मीही दोन पिशव्या घेऊन गेले. त्या दिवशी जुन्या बायकांचाही निकाल होता. अकरा आठवडे पुरे झालेल्यांचे कपडे म्हणे पिवळे होतात. मी नीट पाहिलं. नव्या बायकांच्या कपड्यावर माई पाणी शिंपडत होत्या. जुन्यांच्या कपड्यावर मात्र तांब्याच्या गडूतलं 'सिद्ध तीर्थ'. आणि काय आश्चर्य, पूड पिवळीधमक! त्यातली एक बाई तापाने फणफणली होती, दोघींनी तिला धरून आणली होती. तरी सगळ्या टाळ्या वाजवत होत्या.

माझा नंबर आला. मी पहिली घडी पुढे केली. "माझी पुतणी आहे माई, लाजाळू आहे, आली नाही."

पाणी, पूड. कपडा रक्तासारखा लाल.

"अरे अरे अरे!" माईंनी छाती धरली. "तीन पिढ्यांची नजर! हिच्या सासूने हिचा पायगुण बोलून दाखवलाय. हिच्या गर्भाशयात तळतळाट गोठलाय!"

"सासूच आहे का नक्की? नणंद नाही?"

"सासूच! मला स्वच्छ दिसतेय. उंच, सावळी."

"माई," मी म्हणाले, "हा कपडा आमच्या धुलाई मशीनखालच्या साबणाच्या बादलीत बुडवलेला आहे. मशीनला सासू नाही. गर्भाशय तर मुळीच नाही. आठ वर्षांपूर्वी कंपनीने पाठवलंय, उंच सावळा ड्रायव्हर तेवढा सोबत होता."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. माईंची शिष्या पुढे आली, तोवर मी दुसरी घडी उलगडली होती. "आणि हे त्याच साबणाचं कापड. फक्त मी याला लिंबू पिळलंय." मी स्वयंपाकघरातली हळद चिमूटभर टाकली. पिवळी. "अकरा आठवडे नाही लागले. निम्मं लिंबू लागलं."

"माझ्या सिद्धीची थट्टा?" माई कडाडल्या. "भस्म होशील!"

"होईन, पण आधी तुमचं तीर्थ द्या चाखायला."

माई गडू उचलायच्या आत पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या आजीने त्यात बोट बुडवून चाटलंसुद्धा. आजीचे दोन्ही डोळे मिटले. "अगं बया! हे तर लिंबूपाणी! आणि साखरपण नाही घातली मेलीने!"

हॉल हसायला लागला. पण तेवढ्यात विहीणबाई उभ्या राहिल्या आणि हशा थांबला. "ते असू दे. पण माझ्या सुनेचे टाके उसवले ते तर खरं ना? ते काय लिंबाने?"

प्रश्न बरोबर होता, आणि मला तो टाळायचा नव्हता. मी सगळं सांगितलं. शिळं कापड कुणाचंही लाल होतं. पण काही जणींचं ताजंही लाल होतं, कारण आत जंतू असतात. त्या जंतूंमुळे टाके उसवू शकतात. रुग्णालयातही चूक झाली, तीन आठवडे जुन्या कागदावर ऑपरेशन झालं. "लाल रंग आजार दाखवत होता," मी म्हणाले. "माईंनी त्या आजाराला नजर म्हटलं आणि तुम्हाला औषधापासून लांब नेलं."

भाची भिंतीशी, दाराजवळ बसली होती. उठल्यावर मागे ओल दिसते म्हणून ती चारचौघांत कधी उभी राहत नसे. ती उभी राहिली.

"मावशी, औषध घेतलं तर या वेळी टाके धरतील? नक्की?"

सगळ्या बाया माझ्याकडे पाहायला लागल्या. 'हो' म्हणणं किती सोपं होतं! माझी जीभ तिथवर आलीही होती.

"नक्की नाही सांगता येत, बाळा. शक्यता आधीपेक्षा बरीच चांगली आहे. डॉक्टरबाई याच्यापलीकडे काही बोलत नाहीत, म्हणून मीही बोलणार नाही."

"ऐकलंत? ऐकलंत?" माई खुर्चीतून उठल्या. "हिलाच नक्की माहीत नाही! मी नक्की सांगते!"

"तुम्ही धुलाई मशीनच्या सासूबद्दलही नक्कीच सांगत होतात," भाची म्हणाली. नऊ महिन्यांत तिचा तो आवाज मी ऐकला नव्हता. मग ती विहीणबाईंकडे वळली. "आई, मी शिवते. दमट, कुजकं कापड कुणी आणलं तर मी मशीनखाली घेत नाही. टाका घातला की त्याच रेषेत फाटतं. दोष दोऱ्याचा नसतो. आधी कापड सुकवा, नीट करा, मग आणा, असं मीच सांगते की गिऱ्हाइकांना. मला औषध घेऊ द्या."

निघताना विहीणबाई सुनेच्या मागे अगदी जवळून चालत होत्या, कुणाला काही दिसू नये म्हणून. आणि त्या तापाने फणफणलेल्या बाईला आम्ही रिक्षात घालून थेट रुग्णालयात नेलं.

पुढचे पाच आठवडे भाचीच्या घरात पाण्यावरून जी युद्धं झाली, ती विचारू नका. मी म्हणायची पी, ती म्हणायची प्यायले, विहीणबाई तांब्या उलटा करून दाखवायच्या. औषधाच्या गोळ्या संपल्या. चष्मेवाल्याने ताजी लघवी तपासली, एकदा, आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा. दोन्ही वेळा स्वच्छ. मग डॉक्टरबाईंनी टाके घातले आणि लघवीसाठी नळी बसवून तिला चार नंबरच्या खाटेवर झोपवलं.

अकराव्या दिवशी मी कामावर गेलेच नाही, खाटेजवळ बसून राहिले. काही झालं नाही. पंधराव्या दिवशी नळी काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डातून चादरी खाली आल्या. मी बोचक्यात हात घालून चार नंबरची शोधून काढली, पसरली, हाताने चाचपली, मग वास घेतला. कोरडी होती. त्यानंतरच्या दिवशीही कोरडी. धुलाईवाल्या बायका मला विचारत होत्या, मावशी, चादर घेऊन रडता कशाला? आज ती पुन्हा शिवतेय आणि मुलगी तिच्या मांडीवर बसून मापाची टेप चघळते.

आता मी सगळं सांगायचं कबूल केलंय, तर हेही सांगते. त्या चौघींपैकी तिघी तपासायला आल्या. तिघींनाही जंतू निघाले, तिघींनी औषध घेतलं. दोघींचे टाके धरले. तिसरीचे औषध घेऊनही पुन्हा उसवले, आणि का ते डॉक्टरबाईंना अजून सापडलेलं नाही. त्या शोधतायत. माई मात्र गाव बदलून गेल्यात, आणि तिथे नवी डबी उघडली असेल. म्हणून कुणी तुम्हाला अगदी खात्रीने काही सांगितलं की एवढंच विचारा: कशावरून? आणि ज्यांचं असं झालं नाही, त्या किती जणी? उत्तर देताना जो चिडेल, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

चौथी अजून आलेली नाही. तिने म्हणे घराबाहेर पडणंच सोडलंय, आणि दिवसाला दोन ग्लास पाणी पिते. तुमच्या शेजारी, नात्यात, मागच्या खोलीत अशी कुणी बसलेली असेल, तर ती आमचीच चौथी आहे असं समजा. तिला सांगा, तुझ्यावर कुणाची नजर नाही. पाणी पी, आणि ताजी लघवी बाटलीत घेऊन तपासणीला ये. रुग्णालयाची वाट माहीत नसेल तर धुलाई विभागात येऊन मला विचार, मी स्वतः सोबत येईन.